स्विच दाबण्याआधी

वर्षानुवर्षं बंद असलेला कॉम्प्युटर कुणाच्या घरात सापडला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : 'लावून तर बघू, चालतोय का.' जुने पीसी दुरुस्त करण्याच्या या छंदात मी मेलेली यंत्रं बरीच पाहिली. त्यातली पुष्कळशी माळ्यावर धूळ खात असताना धडधाकट होती; ती मेली या वाक्यानंतरच्या पाच मिनिटांत. म्हणून ज्यांना हा छंद लागला आहे किंवा लागू पाहतो आहे, त्यांच्यासाठी भैरवगढच्या एका यंत्राची हकीकत सांगतो.

भैरवगढ उज्जैनच्या उत्तरेला, क्षिप्रेच्या काठी. बाहेरून येणाऱ्यांना ते काळभैरवासाठी आणि सिद्धवटासाठी ठाऊक असतं. आम्हा उज्जैनकरांना तिथल्या छिप्यांसाठीही. लाकडी ठप्प्यांची छपाई आणि मेणाचं बाटिक हे तिथलं पिढीजात काम. अशाच एका कारखान्याच्या चाचांचा निरोप आला. त्यांच्या वडिलांनी १९९५च्या सुमारास हिशेबासाठी घेतलेला असेंबल्ड ४८६ कोठीत पडून होता. त्यात जुन्या ऑर्डरींच्या नोंदी होत्या : कोणत्या व्यापाऱ्याला कोणती नक्षी, कोणत्या रंगात, किती चादरी. वहीत त्यातलं काहीच उतरलेलं नव्हतं.

मी पोचेपर्यंत घरातल्या मुलांनी यंत्र पुसून, जोडून, चालू करून पाहिलं होतं. मोठा आवाज झाला, धूर निघाला. "भैया, सब जल गया," चाचा म्हणाले. कबाडीला बोलावणंही गेलं होतं.

जळला होता फक्त पॉवर सप्लाय. त्याच्या पाठीला ११५ आणि २३० व्होल्ट निवडण्याची लाल पट्टी असते. पुसताना ती ११५कडे सरकली होती. ११५वर असताना सप्लायमधलं सर्किट आलेला दाब दुप्पट करून घेतं. आपल्या २३०चं शिखर सुमारे ३२५ व्होल्ट, त्याचे झाले ६५०. आतले दोन मोठे कपॅसिटर साधारण २०० व्होल्टचे. ते फुटणारच. सुदैवानं फ्यूज उडाला आणि पुढचा बोर्ड वाचला. जुनं यंत्र हाती आलं की ही पट्टी आधी बघा, २३०वर करा आणि वर घट्ट चिकटपट्टी मारा.

त्या काळच्या एटी सप्लायमधला दुसरा धोका माणसाच्या जिवाचा आहे. आजच्या पीसीचं पुढचं बटण बोर्डाला फक्त इशारा देतं. एटी यंत्रात मात्र भिंतीतली २३० व्होल्टची वीज थेट पुढच्या बटणापर्यंत येते. त्या चार तारांची टोकं उघडी असतील, टेप सुटलेली असेल, तर हात लावू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये दाब काही वेळ शिल्लक राहतो. जुन्या सीआरटी मॉनिटरचं झाकण तर उघडूच नका. तिथं वीस हजारांहून जास्त व्होल्ट खेळतात. त्यासाठी जुना टीव्ही मेकॅनिक गाठा. तो हे काम जाणतो.

दुसरा सप्लाय मिळाला, पण तो बोर्डाला लगेच जोडायचा नाही. वायरमन ज्याला सिरीज बोर्ड म्हणतात तो घ्या, त्यात शंभर वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावा, आणि सप्लाय त्यातून चालवा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लखलखीत पेटेल आणि सप्लाय वाचेल. सप्लायवर एखादी निकामी हार्ड डिस्क लोड म्हणून ठेवा. रिकामा चालवलेला जुना सप्लाय मापं धड देत नाही. मग तो थेट मेनवर घेऊन मल्टिमीटर लावा. पाच व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ यांच्या बाहेर काही दिसलं तर थांबा. बोर्डाकडे जाणारे दोन प्लग शेजारीशेजारी बसतात आणि उलटेही बसू शकतात. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटे बसले तर बोर्ड गेलाच.

आता बोर्ड. ३८६ आणि ४८६च्या काळात तारीख-वेळ राखायला बोर्डावरच छोटी पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी डाखलेली असे. ती फुटते आणि तिच्यातला क्षार तांब्याच्या बारीक रेषा खातो. चाचांच्या बोर्डावरही कीबोर्डच्या सॉकेटपाशी हिरवट-निळी बुरशी दिसत होती. ही बॅटरी बहुधा तिथंच असते, म्हणून आधी कीबोर्ड मरतो आणि लोक कीबोर्ड बदलत बसतात. बॅटरी आधी कटरनं कापून बाजूला काढा; प्लस कुठं होता ते कागदावर लिहा. कापसाच्या काडीनं पांढरं व्हिनेगर लावा, फेस थांबेपर्यंत. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे ते असतं, इंदूरच्या जेल रोडवर तर सहज मिळतं. बोर्ड पूर्ण वाळू द्या. मल्टिमीटरच्या बीपवर एकेक रेष तपासा. तुटलेली असेल तिथं बारीक तारेचा जंपर मारावा लागतो. या कामाला वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा. नवी बॅटरी बोर्डावर डाखू नका. बऱ्याच बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी पिना असतात; मॅन्युअल पाहून सेलचा डबा तारेनं लांब ठेवा. साधा नाणेवजा सेल जुन्या बॅटरीच्या जागी सरळ लावला तर बोर्ड त्याला चार्ज करू पाहतो. तिथं डायोड हवाच.

सगळ्यात मोठा धोका मात्र यानंतर येतो आणि तो दिसत नाही. बॅटरी मेली की हार्ड डिस्कची मापं, म्हणजे सिलिंडर, हेड आणि सेक्टर, बायोस विसरतो. यंत्र सुरू होतं, डिस्क फिरते, पण मशीन म्हणतं डिस्क नाही. कुणीतरी 'फॉरमॅट मारून बघू' म्हणतो, आणि तीस वर्षांचं काम पुसलं जातं. डिस्कच्या लेबलवरचे आकडे आधी उतरवून घ्या आणि तेच बायोसमध्ये भरा. त्याहून बरं म्हणजे मूळ यंत्रात डिस्क चालवण्याआधीच तिची पूर्ण नक्कल करणं. बाजारातले कित्येक यूएसबी अडॅप्टर इतक्या जुन्या डिस्क ओळखत नाहीत. आयडीई पोर्ट असलेला थोडा जुना पीसी, त्यावर लिनक्स आणि डीडीरेस्क्यू ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही.

चाचांची डिस्क वाचली. हिशेब तक्त्यांमध्ये होता, तो लगेच उघडला. पत्रं मात्र पडद्यावर रोमन अक्षरांचा खच बनून आली, कारण ती कृतिदेवसारख्या फाँटात लिहिलेली होती. युनिकोडच्या आधी आपल्या लिपीतला मजकूर फाँटाच्या आधारावरच उभा असे. फाँट हरवला की मजकूर मुका. म्हणून डिस्कवरचे फाँट मजकुराबरोबरच उचला. प्रिंटर पोर्टला एखादं छोटं डोंगल लटकलेलं असेल तर ते फेकू नका. त्याच्याशिवाय जुनं डीटीपी सॉफ्टवेअर उघडणार नाही. आणि आत पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड सापडलं तर ती ठेवच समजा : डॉसमध्ये देवनागरी दाखवणारं ते कार्ड. त्यावर लिहिलेला मजकूर इस्की संकेतात असतो, आणि युनिकोडची देवनागरी १९८८च्या इस्कीवरच बेतलेली असल्यानं तो आजच्या रूपात आणणं कृतिदेवपेक्षा सोपं जातं.

यानंतर अपग्रेड. मुलांना मेमरी वाढवायची होती, आवाज हवा होता, वेग हवा होता. मी त्याच्या विरुद्ध नाही; यंत्र वापरात राहिलं तरच टिकतं. पण जे कराल ते परत फिरवता आलं पाहिजे. ठप्प्यावर नवी नक्षी कोरली की जुनी परत येत नाही. यंत्रावर तसं काही करू नका. केसला ड्रिल नको, मूळ भाग भंगारात नको. काढलेलं प्रत्येक कार्ड चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा. हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड हा मला सर्वांत चांगला बदल वाटतो : साध्या अडॅप्टरवर बसतं, आवाज नाही, उष्णता नाही. मात्र त्या काळचे बहुतेक बायोस ५२८ एमबीच्या पुढचं पाहू शकत नाहीत, म्हणून ५१२ एमबीचं कार्ड घ्या. मेमरी घेताना पिना मोजा : ४८६ला ७२ पिनांची एक पट्टी पुरते, ३० पिनांच्या चार एकदम लागतात. पिवळं पडलेलं प्लास्टिक पेरॉक्साइड लावून माळव्याच्या उन्हात पांढरं करायचा मोह टाळा. चट्टे पडतात, आणि त्या पिवळेपणानं कुणाचं काही अडत नाही.

कबाडीचं एक. सिरॅमिकचे जुने प्रोसेसर सोन्यासाठी किलोवर विकले जातात, म्हणून तो आधी चिप उपसतो आणि उरलेलं फेकतो. त्याच्याशी ओळख ठेवा आणि यंत्र अख्खं मागा, दोन पैसे जास्त देऊन.

क्षिप्रेकाठच्या पावसाळ्यात फ्लॉपींना बुरशी धरते. पत्र्याची पट्टी सरकवून आत पाहा; पांढरे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. एका बुरशीच्या फ्लॉपीनं हेड घाण होतं आणि पुढची प्रत्येक चांगली फ्लॉपी त्यावर घासली जाते. चाचांच्या डब्यातल्या फ्लॉपी मी अजून तपासतो आहे. ज्या स्वच्छ निघतात त्यांची नक्कल त्याच दिवशी होते.