दहा वर्षांचा व्हिसा, मग सहाच महिने का?

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. नवरा न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर नोकरीला आहे, मी इथे गावातच एका खासगी कॉलेजात शिकवते. लग्नाआधी बहिणीकडे जायचं म्हणून मी अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा काढला होता, तो २०३३ पर्यंत आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत नवऱ्याकडे जायचं ठरतंय. जमलंच तर पुढेही राहावं, असं दोघांनाही वाटतं. पण मागच्या वेळी विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मला सहाच महिने दिले होते. आमचे मामा म्हणतात, "दहा वर्साचा शिक्का हाये, मंग सहाच महिने काऊन?" खरंच, असं का असतं? आणि जास्त राहायचं तर ते ठरवतं कोण?
— एक वाचक, धामणगाव रेल्वे

उत्तर : मामांनी नेमका प्रश्न विचारला आहे. परदेशी लेक-जावई असलेल्या घराघरांत याच गोष्टीचा घोळ होतो, आणि तो महागात पडतो.

व्हिसावर छापलेली २०३३ ही तारीख तुम्ही तिथे किती दिवस राहायचं, याबद्दल काहीच सांगत नाही. त्या तारखेपर्यंत अमेरिकेच्या दारात कितीही वेळा जाऊन उभं राहायची मुभा, एवढंच ती सांगते. आत घ्यायचं की नाही आणि घेतलं तर किती दिवसांसाठी, हे दर खेपेला दारातच ठरतं. ही कामं दोन वेगळ्या खात्यांची आहेत. व्हिसा देतं परराष्ट्र खातं, म्हणजे आपल्यासाठी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या खिडकीमागचा अधिकारी. आत घेतं ते अंतर्गत सुरक्षा खातं, म्हणजे नेवार्कला उतरल्यावर तुमचा पासपोर्ट हातात घेणारा अधिकारी. मुंबईच्या अधिकाऱ्याने दहा वर्षांचा व्हिसा दिला म्हणून नेवार्कचा अधिकारी बांधील होत नाही.

नेवार्कचा अधिकारी जी तारीख टाकतो तिच्या नोंदीला आय-९४ म्हणतात. पूर्वी तो कागदाचा कपटा पासपोर्टात टाचून मिळायचा. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी ती नोंद संगणकात होते, आणि ज्याची त्याला सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. घरी पोचल्यावर बॅगा उघडायच्या आधी ती उघडून बघा आणि उतरवून ठेवा. नाव, पासपोर्टचा नंबर, मुदतीची तारीख, सगळं तपासा. भेटीच्या म्हणजे बी-२ व्हिसावर बहुतेकांना सहा महिने मिळतात. एका वेळी एक वर्षापर्यंत देता येतात, पण तसं क्वचितच घडतं.

आता 'काऊन' याचं उत्तर. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, तेही न्यू जर्सीतच. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. पुढे न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर नावाच्या बाईंच्या घरी राहिल्या आणि मग फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. पोस्टातली नोकरी करणारे त्यांचे पती गोपाळराव मागे राहिले होते. तेही पुढे अमेरिकेत पोचले, आणि ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली तेव्हा तिथे हजर होते. बायकोला भेटायला निघालेल्या या नवऱ्याला कुणी व्हिसा मागितला नाही की किती महिने राहणार म्हणून विचारलं नाही. ही सोय सगळ्यांना नव्हती. चिनी मजुरांना दार बंद करणारा कायदा आनंदीबाई निघायच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये झाला होता. पण जोशी दांपत्यासाठी दार उघडं होतं. पदवीच्याच वर्षी, १८८६ च्या ऑक्टोबरमध्ये दोघंही परतीच्या बोटीत बसली. आनंदीबाईंची प्रकृती तेव्हाच ढासळली होती. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या.

तीस वर्षांत ते दार मिटलं. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा, हिंदुस्थानासकट, वर्ज्य ठरवला. कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबणाऱ्या पंजाबी पुरुषांना गावाकडून बायका आणता येईनात. त्यांतल्या शेकडोंनी तिथल्या मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. १९४६ मध्ये आपल्या लोकांसाठी वर्षाला १०० जागांची फट उघडली, आणि १९६५ च्या कायद्याने दार बऱ्यापैकी मोकळं झालं. तुमच्या यजमानांच्या पिढीला जी वाट मिळाली ती तिथून सुरू होते.

पण तुमच्या प्रश्नाची किल्ली १९५२ च्या कायद्यात आहे, आणि तो आजही लागू आहे. त्याचं कलम २१४(बी) म्हणतं की व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायलाच आला आहे असं धरून चालायचं. तसं नाही हे पटवून देण्याची जबाबदारी त्याची. भेटीच्या व्हिसावर निघालेल्या प्रत्येकाच्या मागे हा संशय कायद्यानेच लावून दिलेला आहे. सहा महिने मिळतात ते 'ही व्यक्ती परत जाणार' हे पटल्यामुळे. म्हणून तुमच्या पत्रातलं 'जमलंच तर पुढेही राहावं' हे वाक्य मला काळजीत टाकतं. नवीन लग्न झालेल्या मुलीला असं वाटणार नाही तर काय! पण दारातल्या अधिकाऱ्यासाठी ते वाक्य म्हणजे तुमचा व्हिसा चुकीचा असल्याची कबुली.

त्याच्यापुढे काय घडतं ते नीट समजून घ्या. प्रश्न साधे असतात. कुणाकडे आलात? ते काय करतात? किती दिवस? परत कधी? तिकडे नोकरी आहे का? नवरा एच-१बी वर आहे म्हणून त्याला भेटायला बी-२ वर येणं मुळीच गैर नाही. ते सरळ सांगायचं. तीन आठवड्यांची सुट्टी, कॉलेजचं रजा मंजुरीचं पत्र, परतीचं तिकीट हातात असलं की बोलणं बहुधा तिथेच संपतं. शंका आली तर मात्र आतल्या खोलीत नेतात आणि बॅग उघडतात. तीन आठवड्यांच्या बॅगेत पदवीची मूळ प्रमाणपत्रं, सगळ्या गुणपत्रिका, नोकरीच्या अर्जाला जोडायचा बायोडाटा आणि वर्षभराची औषधं निघाली, तर त्या बॅगेपुढे तुमचं म्हणणं टिकत नाही. फोन तपासायचाही त्यांना अधिकार आहे. 'आता कायमचीच येते गं' असा मैत्रिणीला पाठवलेला निरोप तिथे वाचला गेला तर त्याच विमानतळावरून परत पाठवू शकतात. वर तुम्ही खोटं बोललात अशी नोंद झाली, तर ती पुढच्या प्रत्येक अर्जात आडवी येते.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. 'एकदा आत गेल्या की पाहून घेऊ' असं सांगणारे एजंट अमरावतीत, नागपुरात भरपूर आहेत, आणि त्यांचं ऐकून तोंडघशी पडते ती मुलगी. एजंटाची फी तर आधीच वाजवून घेतलेली असते.

आत गेल्यावर मुदत वाढवता येते का? येते. आय-५३९ नावाचा अर्ज आहे. आय-९४ ची तारीख उलटायच्या आत तो गेलाच पाहिजे. तिथलं खातं स्वतःच सांगतं की निदान ४५ दिवस आधी करा. कारण खरं आणि कागदांनिशी लागतं : आजारपण, बाळंतपण, अचानक आलेलं काही. नुसतं 'करमत नाही' याला कारण धरत नाहीत. अर्ज वेळेत गेला असेल तर निकाल लागेपर्यंतचा मुक्काम बेकायदा मोजत नाहीत. नकार आला की मात्र दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू.

त्या मोजणीचा हिशेब फार कडक आहे. आय-९४ ची तारीख एका दिवसाने जरी ओलांडली तरी तुमचा २०३३ पर्यंतचा व्हिसा रद्दबातल होतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून जास्त झाला आणि मग तुम्ही बाहेर पडलात, तर तीन वर्षं प्रवेश नाही. एक वर्ष किंवा जास्त झाला तर दहा वर्षं. ही तरतूद १९९६ ची. नव्या संसाराला तीन वर्षांची ताटातूट परवडणारी नाही, काही महिने जास्त मिळाले म्हणून तर नाहीच.

मग एकत्र राहायची खरी वाट कोणती? एच-४. एच-१बी वर असलेल्या माणसाच्या बायकोसाठी किंवा नवऱ्यासाठी तो मुद्दाम ठेवलेला आहे. एच-१बी आणि त्याच्यासोबतच्या एच-४ ला १९५२ च्या त्या संशयातून कायद्यानेच वगळलंय, म्हणून 'मला नवऱ्याबरोबर राहायचंय' हे तिथे उघड, मान वर करून सांगता येतं. नवऱ्याची मुदत असेल तोवर तुमची, ती वाढली की तुमचीही वाढवून घेता येते. बी-२ वर आत जाऊन तिथल्या तिथे एच-४ ला बदलून घेणं हेही कायद्यात बसतं, आणि तुम्हा दोघांच्या मनात बहुधा तेच आहे. त्यात दोन अडचणी आहेत. एक, २०१७ पासून परराष्ट्र खात्याचा दंडक आहे की आत आल्यावर ९० दिवसांच्या आत कुणी आपल्या व्हिसाशी विसंगत वागू लागलं, तर दारात दिलेली माहिती खोटी होती असा तर्क ते करू शकतं. दुसरी अडचण लोकांच्या ध्यानातच येत नाही. तिथे एच-४ मंजूर झाला तरी पासपोर्टातला व्हिसा बी-२ च राहतो. उद्या दिराच्या लग्नाला धामणगावात आलात की परतताना मुंबईच्या त्याच खिडकीपुढे एच-४ साठी उभं राहावं लागणार. रांग चुकत नाही, फक्त पुढे ढकलली जाते.

ती रांग सध्या लांब आहे, हेही खरं. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ च्या अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासण्याचा नियम आला, तेव्हा भारतातल्या कित्येकांच्या ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे गेल्या. म्हणून माझं मत असं : एकत्र राहायचं पक्कं असेल तर एच-४ चा अर्ज आजच सुरू करा. मुलाखत दिवाळीच्या आत झाली तर उत्तमच. नाही झाली तर दिवाळीला बी-२ वर जा, पण खरोखर भेटीलाच जा आणि कॉलेज उघडायच्या दिवशी वर्गावर हजर राहा.

नोकरीचा विचारही आत्ताच करा, कारण तुम्ही शिकवता आणि ते सहज सुटण्यासारखं नाही. एच-४ वर शिकता येतं, कमावता येत नाही. कामाचा वेगळा परवाना लागतो. तो २०१५ पासून मिळू लागला, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० हा टप्पा मंजूर झालेला असेल, किंवा त्या प्रक्रियेमुळे त्याचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढलेला असेल, तरच. तो टप्पा आला आहे का, हे नवऱ्याला आजच फोन करून विचारा. नसेल आला, तर राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजेचं कॉलेजशी बोलून पाहा. या एका प्रश्नावर घरात मोकळेपणाने बोलणं झालं नाही म्हणून न्यू जर्सीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकट्या बसलेल्या शिकलेल्या मुली मला ठाऊक आहेत.

इतर वाचकांसाठी युरोपचं एवढंच सांगतो, कारण तिथला हिशेब वेगळा आहे. शेंगेनच्या २९ देशांत मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. १ मार्चला गेलात तर २९ मेपर्यंत राहता येईल, आणि मग २८ ऑगस्टच्या आधी परत पाऊल टाकता येणार नाही. ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन ही मोजणी यंत्रावर नेली जात आहे, त्यामुळे पुसट शिक्क्याचा फायदा आता कुणाला मिळायचा नाही. ब्रिटनमध्ये भेटीच्या व्हिसावर गेलेल्याला तिथल्या तिथे जोडीदाराच्या व्हिसावर बदलता येत नाही. मायदेशी येऊनच अर्ज करावा लागतो.

शेवटी, वऱ्हाडातल्या मुलींची नेहमीची अडचण. एच-४ च्या अर्जाचा कणा म्हणजे लग्नाच्या नोंदणीचा दाखला. तुमच्याकडे तो नगर परिषदेतून मिळतो, आणि १९९८ च्या राज्याच्या कायद्याने नोंदणी करावीच लागते. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं नाव लिहून सासरी हाक मारली जात असेल आणि दाखल्यावर तेच नाव आलं असेल, तर पासपोर्टावरचं नाव वेगळं पडतं. मुंबईच्या खिडकीपुढे ती दोन वेगळी माणसं ठरतात. म्हणून दाखला काढताना पासपोर्ट समोर ठेवा, तुमचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अक्षर न् अक्षर तसंच लिहून घ्या, आणि नवऱ्याचंही. आधीच वेगळं नाव पडलं असेल तर दिवाळीची वाट न बघता ती दुरुस्ती या आठवड्यात सुरू करा.