नाव आपले, व्यवहार दुसऱ्याचा

सावेडीत प्रोफेसर कॉलनी चौकापासून भिस्तबागेपर्यंत चक्कर मारली, तर बेताच्या भांडवलावर चालणारी कितीतरी दुकाने दिसतात. मोबाईल दुरुस्ती, बेकरी, गाद्या, शिलाई, गॅरेज, लोखंडी ग्रील. यांच्यापैकी कोणालाही पूर्वी फसवणुकीबद्दल विचारले, तर उत्तर ठरलेले असे. गिऱ्हाईकाने उधारी बुडवली, धनादेश वटला नाही किंवा नोट नकली निघाली. आता ज्या तक्रारी कानावर येतात त्या निराळ्या आहेत. कोणाच्या पॅन कार्डावर परगावी फर्म उघडलेली असते, कोणाच्या नावे न घेतलेले कर्ज निघते, तर कोणाचे बँक खाते काही गुन्हा न करता बंद पडते. या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. चोर आता गल्ल्यात हात घालीत नाही, तो नाव वापरतो. कोणाचे नाव वापरून चोरी होते आणि त्या चोरीची झळ तिसऱ्यालाच लागते.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे प्रकरण आपल्या प्रत्येक व्यापारी बंधूने समजून घ्यावे असे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील एका तरुणाने पोलिसांत तक्रार दिली. तक्रारीचा आशय असा, की नोकरी देतो, मक्याचा व्यापार सुरू करायचा आहे, असे सांगून गावातल्याच एका माणसाने डझनभर तरुणांकडून आधार, पॅन आणि सह्या घेतल्या आणि नाशिक मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँकेच्या मालेगाव शाखेत त्यांच्या नावे खाती उघडली. थोड्याच आठवड्यांत त्या खात्यांवरून शंभर कोटींहून अधिक रुपयांची उलाढाल झाली. सक्तवसुली संचालनालयाने त्याच महिन्यात महाराष्ट्र आणि गुजरातेत झडत्या घेतल्या. या प्रकरणावर राजकारणही पुष्कळ झाले, ते या पानाचे काम नव्हे. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. आपण पाहायचे ते इतकेच, की ज्यांच्या नावावर कोट्यवधी रुपये फिरले त्यांच्या घरी त्यातले किती आले, आणि चौकशीला प्रथम कोणाला बसावे लागले.

यात कोणाचा पासवर्ड फुटला नव्हता, कोणी यंत्रात शिरले नव्हते. कागद मागितले गेले आणि ते दिले गेले. मागणारा अनोळखी नव्हता, गावातला होता. आपल्या मोहल्ल्यांत एकमेकांच्या शब्दावर काम होते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण 'दोन दिवस तुझे खाते वापरू दे, हजार रुपये देतो' असे म्हणणारा मावसभाऊ असला, तरी बँकेच्या आणि पोलिसांच्या दफ्तरी तो व्यवहार खातेदाराचाच असतो. खाते भाड्याने देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे होय.

दुसरी तऱ्हा जीएसटीची. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात पालिताणा येथे असे उघडकीस आले, की सरकारी योजनेचा लाभ मिळेल असे सांगून गोरगरिबांना आधार केंद्रावर नेले जाई आणि त्यांच्या आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक बदलून टाकला जाई. पुढे ओटीपी येई तो दुसऱ्याच्याच हातात. त्यावर त्यांच्या नावे जीएसटी नोंदणी काढायची, खोटी बिले फाडायची आणि त्या बिलांवर इतरांनी कराची वजावट घ्यायची, असा तो धंदा. त्याच वर्षी १६ मे ते १५ जुलै या काळात केंद्र व राज्यांच्या कर खात्यांनी देशभर शोधमोहीम चालवली, तेव्हा २१,७९१ नोंदण्या अशा निघाल्या की ज्यांच्या जागी धंदाच नव्हता. संशयित करचुकवेगिरीचा आकडा २४,०१० कोटी रुपयांचा होता. यातील प्रत्येक नोंदणीमागे कोणाचे ना कोणाचे पॅन होते.

आपले पॅन कोठे वापरले गेले आहे का, हे पाहायला पैसे पडत नाहीत. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर पॅन क्रमांकावरून शोधण्याची सोय आहे. त्या पॅनवर देशात जितक्या नोंदण्या असतील तितक्या दिसतात. आपल्या नावे न घेतलेले कर्ज आहे का, हे सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांच्या अहवालावरून कळते आणि अशा प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा तो अहवाल फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' या सेवेवर दिसते. ती २०२३ पासून आहे. जो क्रमांक आपला नाही तो तेथूनच कळवता येतो. घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर एका संध्याकाळी ही तिन्ही कामे उरकतात. ज्या कारागिराने आयुष्यात कर्ज काढलेच नाही, त्याने तर पतअहवाल जरूर पाहावा. त्याचे पान कोरे असते, म्हणून त्याच्या नावे लबाडी झाली तरी वर्षानुवर्षे कळत नाही.

आता कागद देण्याविषयी. कागद मुळीच देऊ नका, हा सल्ला निरुपयोगी आहे. शंभराहून अधिक वर्षे जुन्या आपल्या नगर अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले आणि ४ ऑक्टोबर २०२३ रोजी तिचा परवाना रद्द केला. त्या काळात ज्या ठेवीदारांनी पाच लाखांपर्यंतच्या विम्याचे पैसे मागितले, त्यांना ओळखीचे कागद आणि दुसऱ्या बँकेतील खात्याचा तपशील द्यावाच लागला. कागद देण्यावाचून गत्यंतर नसते. प्रश्न आहे तो कसा द्यावा याचा. झेरॉक्स प्रतीवर, छायाचित्राच्या आणि क्रमांकाच्या आसपास येईल असे, तारीख व कारण लिहावे: 'अमुक बँकेत चालू खाते उघडण्यासाठीच'. त्याखाली सही करावी. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची २८२वी, उधारीची देवघेव लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपल्याला ठाऊक असते, पण झेरॉक्स देताना पेन खिशातून निघत नाही.

जेथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही, तेथे आधारची झाकलेली प्रत द्यावी. तीत शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ती आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने 'आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका' असे पत्रक काढले आणि लोकांत घबराट होताच केंद्र सरकारने ते दोनच दिवसांत मागे घेतले. आमच्या मते पत्रकातला इशारा खोटा नव्हता, सांगण्याची रीत चुकली. बोटांच्या ठशांचेही तसेच आहे. आधार आणि अंगठ्यावर पैसे काढण्याची सोय खेडोपाडी चांगली उपयोगी पडते, पण नोंदणी कार्यालयातील दस्तांवरून ठसे उचलून, त्यांचे साचे बनवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे अनेक राज्यांत घडले आहेत. आपण अंगठ्याने पैसे काढत नसाल, तर प्राधिकरणाच्या 'एम-आधार' मधून ठसे कुलूपबंद करून ठेवावेत. गरज पडेल तेव्हा उघडता येतात.

दुकानात बसून होणारी फसवणूक याहून सोपी आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना. एवढे एक वाक्य गल्ल्यावर बसणाऱ्या पोराला पाठ असले, तर बहुतेक डाव फसतात. नगरात मात्र एक सोंग विशेष खपते, ते फौजी साहेबाचे. येथे आर्मर्ड कोअर सेंटर आहे, भिंगारची छावणी आहे, खरे जवान आपल्याकडून खरेदी करतात आणि पैसे चुकते करतात. त्यामुळे फोनवर 'कॅम्पमधून बोलतोय, पन्नास गाद्या हव्यात' असे कोणी म्हणाले की आपण हरखतो. पुढचे पालुपद ठरलेले असते. 'आमच्या खात्याची पद्धत अशी आहे, आधी तुम्ही हा कोड स्कॅन करा, दुप्पट रक्कम परत येईल.' ओळखपत्राचा फोटोही पाठवला जातो, तो बहुधा कोणा खऱ्या जवानाचा चोरलेला असतो. कोणतेही लष्करी खाते व्यापाऱ्याकडून आधी पैसे घेऊन माल विकत घेत नाही. मोठी ऑर्डर असेल, तर माणूस दुकानात यावा, बयाणा द्यावा आणि आपल्या मोबाईलवर बँकेचा संदेश यावा. गिऱ्हाईकाने दाखवलेला स्क्रीन म्हणजे पावती नव्हे.

इतके करूनही पैसे गेले तर काय? प्रथम १९३० या क्रमांकावर फोन करावा, किंवा सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. घाई का, ते समजून घ्या. चोरलेले पैसे एका खात्यात थांबत नाहीत. ते पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, तेथून पाच-सहा खात्यांत आणि मग एटीएममधून बाहेर जातात. १९३० वरची तक्रार संबंधित बँकांकडे लगेच पोचते आणि वाटेत जी रक्कम सापडेल ती अडवली जाते. पैसे बाहेर पडल्यावर अडवायला काही उरत नाही. शरमेने दोन दिवस गप्प बसणारा व्यापारी चोराला दोन दिवसांची मुदत देतो.

त्याच दिवशी बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याविषयी नियम घालून दिले आणि त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांनाही तसेच नियम लावले. त्यांनुसार चूक बँकेची असेल, तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर बोजा शून्य. चार ते सात दिवसांत कळवले, तर बचत खाते व लघुउद्योगाच्या चालू खात्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपयांपर्यंत. ग्राहकाचा दोष आहे हे सिद्ध करणे बँकेचे काम आहे. मात्र आपण स्वतःच ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर कळवण्यातच हित आहे.

दुसऱ्याची सही, पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. अर्जात 'माझी फसवणूक झाली' एवढेच न लिहिता 'माझ्या ओळखीचा गैरवापर झाला' असेही लिहावे. बँक दाद देत नसेल, तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. 'तुम्ही व्यापारी आहात, ग्राहक नव्हे' असे कोणी ऐकवले, तर लक्षात असू द्या की केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी वस्तू किंवा सेवा घेणाऱ्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा ग्राहकच मानतो. शिलाई मशीनवर बसणारा कारागीर यात येतो. दहा दुकानांचा मालक येईलच असे नाही.

आता ज्या तक्रारीने छोटे दुकानदार सर्वांत जास्त हैराण आहेत ती पाहू. गिऱ्हाईक आले, तीन हजारांचा माल घेतला, क्यूआर कोडवर पैसे दिले. पंधरा दिवसांनी खाते गोठलेले. बँकेत विचारले, तर दुसऱ्या राज्यातील सायबर पोलिसांचे पत्र आले आहे असे कळते. झालेले असते असे, की कोणाला तरी लुटून आणलेल्या पैशाने ती खरेदी केलेली असते आणि त्या पैशाचा माग काढत तपास आपल्या खात्यापर्यंत येतो. पोलिसांना हा अधिकार कायद्याने आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. पण तीन हजारांसाठी तीन लाखांचे खाते बंद ठेवणे योग्य नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली बँकांना सांगितले, की पोलिसांच्या पत्रात असलेल्या रकमेपुरतेच निर्बंध ठेवावेत. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नसला, तरी अर्जात त्याचा दाखला जरूर द्यावा.

असे घडले तर बँकेकडून लेखी मागावे की कोणत्या ठाण्याचे पत्र आहे, तक्रार क्रमांक काय, किती रक्कम वादाची आहे. हे सांगायला शाखेतील साहेब कधी कधी टाळाटाळ करतात, म्हणून अर्ज देऊन पोच घ्यावी. मग तपास अधिकाऱ्याला त्या दिवसाचे बिल, मालाच्या खरेदीची पावती आणि खात्याचा उतारा ईमेलने व रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावा आणि वादाची रक्कम सोडून बाकी खाते मोकळे करावे अशी विनंती करावी. येथेच बिलबुकाची किंमत कळते. ज्याने बिल फाडले, त्यावर गिऱ्हाईकाचे नाव व मोबाईल लिहिला, त्याला विक्री खरी होती हे दाखवता येते. 'मी फक्त माल विकला' असे नुसते तोंडी सांगणाऱ्याकडे दाखवायला काही नसते. अनोळखी गिऱ्हाईक माल न घेताच 'खात्यावर पाच हजार टाकतो, चारशे ठेवा आणि बाकी रोख द्या' म्हणाले, तर सरळ नाही म्हणावे. ती रोकड आपल्या गल्ल्यातली जाते आणि खात्यात येतो तो कोणाचा तरी लुटलेला पैसा.

आणखी एक व्यवहारी उपाय. क्यूआर कोडसाठी एक खाते निराळे ठेवावे आणि रोज दुकान वाढवताना त्यातील शिल्लक आपल्याच दुसऱ्या बँकेतील मुख्य खात्यात वळती करावी. वादाची रक्कम पुढे गेली, तर माग दुसऱ्या खात्यापर्यंतही येऊ शकतो, म्हणून हा उपाय पूर्ण खात्रीचा नाही. पण पत्र आले तर बहुधा पहिले खाते अडकते आणि शनिवारी कारागिरांचा हप्ता द्यायला दुसऱ्यातून पैसे निघतात.