फिरकीचे झाकण : शब्द, माप आणि धोका

लोणचे, मुरंबा, गुलकंद, मध, सरबत असा माल बनविणाऱ्या आमच्या भाऊबहिणींचे सारे लक्ष चवीकडे असते. बरणी आणि झाकण मात्र "मिळेल ते" आणले जाते. मग माल एस.टी.ने मुंबईला पोहोचेपर्यंत तेल गळते, लेबल भिजते आणि दुकानदार पेटी परत पाठवितो. आम्ही कापडवाले. पन्हा आणि सुताचा नंबर न सांगता कोणी ठाण मागविले तर त्याला काय द्यावे हे आम्हाला कळत नाही. झाकणाच्या बाजारातही पन्हा आहे, नंबर आहे. तो समजून घेऊ.

प्रथम शब्द. उर्दू-हिंदीत ढक्कन, मराठीत झाकण किंवा टोपण. आत दाबून बसते ते बूच. बाटलीच्या तोंडावर ज्या उंच तिरप्या रेघा असतात त्यांना मराठीत आटे आणि हिंदीत चूडी म्हणतात. इंग्रजीत त्या रेघांना व आमच्या धाग्याला एकच शब्द आहे, थ्रेड. काचवाले बाटलीच्या तोंडाला 'फिनिश' म्हणतात. बाटल्या तोंडाने फुंकून बनत त्या काळी तोंडाचे काम सर्वांत शेवटी पुरे होई, त्यावरून हे नाव. दरपत्रकात 'फिनिश' दिसले तर त्याचा अर्थ चकाकी असा लावू नये.

साधे आट्यांचे झाकण सर्वांच्या ओळखीचे आहे. ते दोन-तीन वेळा फिरवावे लागते. त्याचे माप 38-400 असे दोन आकड्यांत लिहितात. पहिला आकडा म्हणजे बाटलीच्या तोंडाची आट्यांसकट बाहेरची रुंदी, सुमारे तितके मिलिमीटर. दुसरा आट्यांची जात सांगतो : 400 मध्ये आटा सुमारे एक फेरा घेतो, 410 मध्ये दीड, 415 मध्ये दोन. म्हणून 28-400 ची बाटली आणि 28-410 चे झाकण, दोन्हींवर अठ्ठावीसच लिहिलेले असले तरी, एकमेकांना नीट धरत नाहीत. निम्मी गळती इथूनच सुरू होते असे आमचे मत आहे.

औषधाच्या बाटलीवरचे ॲल्युमिनियमचे झाकण निराळे. त्याला आधी आटे नसतातच. ते बाटलीवर ठेवून यंत्राची चाके दाबतात तेव्हा बाटलीच्या आट्यांवरच त्याचे आटे उमटतात. उघडताना खालची कडी तुटते, म्हणजे कोणी हात लावला की कळते. सोड्याच्या बाटलीचा 21 दातांचा पत्रा, ज्याला क्राउन म्हणतात, अमेरिकेच्या विल्यम पेंटरने 1892 साली पेटंट केलेल्या झाकणाचा वंशज आहे. तो आपल्या कामाचा नाही.

कामाचे ते 'लग कॅप', म्हणजे पाव फेऱ्यात लागणारे आणि पाव फेऱ्यात निघणारे पत्र्याचे झाकण. जॅमच्या बरणीवर असते तेच. याच्या काठाला आत वळविलेले तीन, चार किंवा सहा कान असतात. त्यांना लग म्हणतात. बरणीच्या तोंडावर तितकेच तुटक उतार असतात आणि कान त्यांच्याखाली सरकून अडकतात. आत कडेने मऊ वर्तुळ असते, ते प्लास्टिसोल. माल गरम भरला की हे वर्तुळ उष्णतेने मऊ होऊन काचेवर बसते. माल थंड होताना आतली वाफ आटते, पोकळी तयार होते आणि बाहेरची हवाच झाकण दाबून धरते. मधोमध बटण असेल तर ते या वेळी आत खेचले जाते. म्हणून गार झालेल्या प्रत्येक बरणीचे बटण बोटाने तपासावे. जे टिक्-टिक् वाजते ते झाकण बसलेले नाही.

झाकण एकदा उघडले की प्लास्टिसोलवर काचेचा ठसा राहतो. तेच झाकण नव्या मालाला लावू नये. जुन्या बरण्या खुशाल धुऊन घ्याव्यात, झाकण नवे घ्यावे. सिरका किंवा लिंबू असलेल्या मालासाठी आतून आम्लाला टिकणारा लेप आहे ना, हे विचारावे. नाही तर पत्रा गंजतो.

आता धोका, आणि येथे कोकणातल्या आमच्या बहिणींनी लक्ष द्यावे. कोळंबीचे, मासळीचे, मटणाचे लोणचे घट्ट झाकणामुळे सुरक्षित होत नाही, उलटही होते. बोट्युलिझमचे जंतू हवा नसते तिथेच वाढतात आणि त्यांचे बीज साध्या उकळण्याने मरत नाही. आंबटपणा पुरेसा असेल, म्हणजे पी.एच. 4.6 किंवा त्याखाली, तर ते वाढत नाहीत. कमी आंबट माल असेल तर कारखान्यात दाबाखाली सुमारे 121 अंश सेल्सियसवर शिजवितात. घरच्या पातेल्यात ते होत नाही. म्हणून असा माल बाजारात पाठविण्याआधी प्रयोगशाळेतून पी.एच. तपासून घ्यावा. तपासणीचे पैसे मालाच्या खर्चात धरावेत. बटण वर फुगलेली बरणी न चाखता फेकून द्यावी. विष असले तरी वासाने किंवा चवीने ते कळेलच असे नाही.

मागणी लिहिताना "जॅमचे झाकण, शंभर नग" एवढ्यावर भागवू नये. तोंडाचे माप मिलिमीटरमध्ये, उदाहरणार्थ 53, 63 किंवा 82, कानांची संख्या, बटण हवे की नको, आतला लेप, माल गरम भरणार की गार, आणि माल तेलाचा की आंबट, एवढे कागदावर द्यावे. बरणी आणि झाकण शक्यतो एकाच दुकानातून घ्यावे. तसे जमले नाही तर रिकामी बरणी पिशवीत घालून घेऊन जावी, दहा झाकणे तिथेच लावून पाहावीत, पाणी भरून बरणी रात्रभर कागदावर आडवी ठेवावी आणि मगच मोठी मागणी द्यावी.