नकाशाचे रंग

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरात स्वयंपाकाची जागा वेगळी असते आणि झोपण्याची जागा वेगळी असते. घर एका खोलीचे असले, तरी चुलीचा कोपरा आणि अंथरुणाचा कोपरा आई वेगळा ठेवते. शहर हे तर लाखो माणसांचे घर! तेथेही कोणत्या जागी काय असावे, हे आधी ठरवावे लागते.

समजा, तुमच्या शाळेच्या भिंतीला लागूनच एखादा रसायनांचा कारखाना सुरू झाला, तर काय होईल? धुराने डोळे चुरचुरतील. यंत्रांच्या आवाजात सरांचे बोलणे ऐकू येणार नाही. आग लागली, तर मुलांच्या जिवाला धोका! म्हणून शहराच्या जमिनीचे विभाग पाडतात. राहण्यासाठी निवासी विभाग, दुकाने व कचेऱ्यांसाठी वाणिज्य विभाग, कारखान्यांसाठी औद्योगिक विभाग आणि झाडे, शेती, खाडी यांच्या रक्षणासाठी हरित विभाग. नकाशावर या विभागांना वेगवेगळे रंग देतात. निवासी विभाग बहुधा पिवळा, वाणिज्य विभाग निळा, औद्योगिक विभाग जांभळा आणि बागा-मैदाने हिरवी असतात. या नकाशाला आणि त्यासोबतच्या नियमांना 'विकास आराखडा' म्हणतात.

निवासी विभागात फक्त घरेच असतात, असे मात्र नाही. किराणा दुकान, दवाखाना, शाळा, पिठाची गिरणी यांची गरज घराजवळच असते. त्यांना नियमांनुसार तेथे परवानगी मिळते.

हे काम वाटते तितके सोपे नाही. भिवंडी किंवा मालेगाव पाहा. तेथे अनेक मोहल्ल्यांत घरांना लागूनच यंत्रमाग चालतात. त्यांच्या खडखडाटाने लहान मुलांची झोप मोडते आणि अभ्यास होत नाही. पण त्याच मागांवर शेजारच्या घरांची चूल पेटते. कामगार पायी कामाला जातो आणि दुपारी घरी येऊन जेवतो. माग दूर नेले, तर शांतता मिळेल. पण येण्याजाण्याचा खर्च वाढेल. म्हणून विभाग ठरवताना आरोग्य आणि रोजगार या दोन्हींचा विचार करावा लागतो.

आपल्या राज्यात हे काम 'महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६' या कायद्यानुसार चालते. नगरपालिका किंवा महानगरपालिका आधी जमिनीची पाहणी करते. मग आराखड्याचा मसुदा तयार करून तो लोकांसमोर ठेवते. मसुदा तयार झाल्याची सूचना राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत येते. कोणीही नागरिक ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत घेऊ शकतो किंवा सूचना करू शकतो. त्यांचा विचार झाल्यावर राज्य सरकार आराखडा मंजूर करते. आराखड्यात शाळा, रुग्णालय, मैदान, रस्ता यांसाठी काही जमिनी राखून ठेवतात. याला 'आरक्षण' म्हणतात. मात्र नकाशावर आरक्षण झाले, म्हणजे मैदान मिळाले असे नाही. दहा वर्षांत ती जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक पालिकेला नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत पालिकेने पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. म्हणजे मुलांचे मैदान गेलेच!

लोकांच्या हरकतींना किंमत असते का? होय. मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवल्याच्या आणि जुन्या वारसा वास्तू वगळल्याच्या तक्रारी आल्या. नागरिकांनी हजारो हरकती नोंदवल्या. शेवटी तो मसुदा बाजूला ठेवावा लागला. सुधारलेला मसुदा २०१६ साली आला आणि २०१८ साली आराखडा मंजूर झाला. तो २०३४ पर्यंतचा आहे.

आता याच शहराची दुसरी बाजू पाहू. परळ, लालबाग, वरळी या भागांत एके काळी कापडगिरण्यांचे भोंगे वाजत. म्हणून या भागाला गिरणगाव म्हणत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा नीट चालल्या नाहीत. मग प्रश्न आला, या जमिनींचे काय करायचे? १९९१ च्या नियमांत ढोबळपणे तीन वाटे सांगितले होते. एक वाटा बागा-मैदानांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ साली नियम बदलला. गिरणीच्या आवारातील केवळ मोकळी असलेली जमीनच वाटणीत धरायची, असे ठरले. बहुतेक जमिनीवर तर इमारती उभ्या होत्या! त्यामुळे मैदानांचा आणि घरांचा वाटा फारच लहान झाला. काही नागरिक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. पाहिलेत ना? नियमातील थोडेसे शब्द बदलले आणि शहराच्या हातून कितीतरी जमीन निसटली.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने १९१० साली असा नियम केला, की गोऱ्यांनी गोऱ्यांच्या वस्तीत आणि काळ्यांनी काळ्यांच्या वस्तीत राहावे. लुईव्हिल शहरानेही तसाच नियम केला. १९१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिलचा नियम रद्द ठरवला. कारखाना आणि शाळा यांच्यात अंतर हवे. पण माणूस आणि माणूस यांच्यात भिंत घालण्यासाठी नकाशाचे रंग वापरू नयेत.

मित्रांनो, तुम्ही मराठी का शिकता? केवळ परीक्षेत गुण मिळवण्यासाठी नव्हे. उद्या तुमच्या मोहल्ल्याबद्दलची सूचना वर्तमानपत्रात मराठीत छापून येईल. ती वाचता आली पाहिजे, समजली पाहिजे आणि वेळेवर चार ओळींचा अर्जही लिहिता आला पाहिजे. ज्याला नकाशा वाचता येतो आणि अर्ज लिहिता येतो, त्याच्या गल्लीतील मैदान सहजासहजी नाहीसे होत नाही.

शब्दार्थ
मसुदा – कच्चा लेख, पहिला आराखडा
हरकत – आक्षेप, विरोध
राजपत्र – सरकारी सूचना छापणारे पत्र
आरक्षण – राखून ठेवणे
वारसा वास्तू – जपून ठेवण्यासारखी जुनी इमारत

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विकास आराखडा कशाला म्हणतात?
(आ) गिरणगाव हे नाव का पडले?
२. घराजवळ यंत्रमाग असण्याचे फायदे व तोटे लिहा.
३. तुमच्या वस्तीतील मैदानाचे आरक्षण रद्द होऊ नये, म्हणून पालिकेच्या आयुक्तांना किंवा मुख्याधिकाऱ्यांना अर्ज लिहा.