न्यूट्रिनो : सूर्याच्या गाभ्यातील साक्षीदार

सूर्य कशामुळे तळपतो, याचे उत्तर शालेय पुस्तकात एका वाक्यात मिळते : हायड्रोजनचे हेलियम होते. परंतु सूर्याच्या गाभ्यात कोणी डोकावलेले नसताना हे कळले कसे? येथे प्रकाश फारसा उपयोगी नाही. गाभ्यातील ऊर्जेला दाट वायूत अडखळत, शोषली जात व पुन्हा उत्सर्जित होत पृष्ठभागी यावयास हजारो वर्षे लागतात; तोवर जन्मस्थानाची खूण तिच्यात उरत नाही. थेट बाहेर येणारा साक्षीदार हवा. तो म्हणजे न्यूट्रिनो.

चार प्रोटॉनांपासून हेलियमचे एक केंद्रक घडते तेव्हा दोन प्रोटॉनांचे न्यूट्रॉन होतात आणि प्रत्येक रूपांतरागणिक एक न्यूट्रिनो बाहेर पडतो. त्याला विद्युतभार नाही व पदार्थाशी त्याचा संबंध अत्यंत क्षीण. म्हणून तो अडीच सेकंदांच्या आत सूर्याबाहेर निसटतो आणि सुमारे सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतो. आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला असे सुमारे ६,५०० कोटी कण आरपार जातात. रात्रीसुद्धा, कारण पृथ्वीही त्यांना अडवीत नाही.

पाउली यांनी १९३० मध्ये या कणाची कल्पना मांडली. १९५६ मध्ये तो अणुभट्टीजवळ सापडला. सौर न्यूट्रिनो पकडण्याचे काम मात्र रेमंड डेव्हिस यांनी अंगावर घेतले. अमेरिकेतील होमस्टेक येथील सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, त्यांनी क्लोरिनयुक्त द्रवाची ३,८०,००० लीटरची टाकी बसविली. (हा द्रव म्हणजे ड्रायक्लीनिंगवाले वापरतात तोच!) वरच्या खडकामुळे विश्वकिरणांचा गोंगाट गळून पडतो. याच कारणास्तव मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले होते. तेथे १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद झाली.

न्यूट्रिनो क्लोरिनच्या अणूत शोषला गेला की त्याचा किरणोत्सारी अरगॉन होतो. एवढ्या प्रचंड टाकीत असा अरगॉनचा अणू दोन दिवसांत सरासरी एक तयार होई आणि डेव्हिस तो वेगळा काढून मोजीत. जॉन बाहकॉल यांच्या गणिताने मात्र याच्या सुमारे तिप्पट अणू अपेक्षित होते.

मग चूक कोणाची? सूर्याविषयीचे गणित चुकले असेल, तर सर्व ताऱ्यांविषयीचे आपले ज्ञान डळमळणार होते. प्रयोग चुकला असेल, तर एका माणसाचे आयुष्यभराचे श्रम वाया जाणार होते. बहुतेकांचा संशय प्रयोगावर होता, आणि दोन दिवसांत एक अणू मोजणाऱ्यावर संशय घेणे फारसे अन्याय्यही म्हणता येणार नाही. डेव्हिस मात्र उपकरण पुनःपुन्हा तपासीत राहिले. आकडा बदलला नाही.

उलगडा कॅनडातील सडबरी येथे झाला. न्यूट्रिनो तीन प्रकारचे आहेत; सूर्यात इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो जन्मतो आणि डेव्हिस यांच्या टाकीला तेवढाच दिसे. सडबरीच्या १,००० टन जड पाण्यात मात्र तिन्ही प्रकारांची एकूण मोजदाद शक्य होती. २००२ मध्ये ती बाहकॉल यांच्या गणिताशी जुळली. गणित बरोबर होते, प्रयोगही बरोबर होता. वाटेत न्यूट्रिनोच आपला प्रकार बदलीत होते.

वस्तुमान शून्य असते, तर असा बदल घडला नसता. मूलकणांच्या तत्कालीन सिद्धांतात ते शून्य धरले होते, ते सोडून द्यावे लागले. मात्र ते नेमके किती, हे अद्याप मोजले गेलेले नाही.