तळाशी ठेवलेला डबा

"आई, भाऊबीज झाली की आम्ही सहाजण ट्रेकला चाललोय. रतनगड ते हरिश्चंद्रगड, तीन रात्री." भाकरी मोडता मोडता लेकीनं सांगून टाकलं. घास तिच्या तोंडात आणि अडकला माझ्या घशात.

रतनवाडीतून गड चढायचा, रात्री वरच्या गुहेत मुक्काम. दुसऱ्या दिवशी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, मग पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड. किती हौसेनं नकाशा दाखवत होती! मी विचारलं काय, तर "तिथं रेंज असते का?"

आपलं सगळ्यांचं असंच होतं ना? नाही म्हणवत नाही, हो म्हटल्यावर जीव थाऱ्यावर राहत नाही. मग ती काळजी आपण सॅकमध्ये कोंबतो. जादा पांघरूण, औषधांची अर्धी पेटी, दोन टॉर्च. लेकीनं सॅक काट्यावर ठेवली, 13 किलो! तिनं मुकाट्यानं निम्मं सामान पलंगावर काढलं. ती आंघोळीला गेली आणि मी शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा तळाशी सरकवला.

एक हट्ट मात्र बरा धरला, गावातला वाटाड्या घ्यायचा. पावसाळ्यानंतर डोंगरात गवत माजलेलं असतं, पायवाट त्यात बुडून जाते. मुक्काम कुठं, जेवण कुणाकडे, त्यांचा नंबर, आणि कधीपर्यंत निरोप आला नाही तर आपण हलायचं, एवढं निघण्याआधी बसून ठरवलं तर दोघांनाही सोपं जातं. मी ठरवलं आणि तरी बावीस मेसेज केले. खिरेश्वरला उतरल्यावर ते एकदम टणाटणा वाजले. मित्र हसले म्हणे. तिला किती कानकोंडं झालं असेल!

आली ती रापलेली, लंगडत. "जेवलात ना नीट? थंडी वाजली?" "हो. नाही." झोपली.

खरं बोलणं आठवड्यानं झालं, मेथी निवडताना. केदारेश्वराच्या गुहेतलं कमरेइतकं गारढोण पाणी, चारातला उरलेला एकच खांब. कोकणकड्यावर सूर्य बुडाला तेव्हा म्हणे कुणी बोललंच नाही. मग मान खाली घालून, "रतनगडच्या शिडीवर सॅकनं मागं ओढलं गं. हात सुटतोय असं वाटलं एकदम."

'तरी मी सांगत होते' अगदी ओठांवर आलं. आणि मग डबा आठवला. मी पानं खुडत राहिले.

तीही बोलत राहिली. कुमशेतला मैत्रिणीशी बिनसलं, रात्री पांघरुणात रडली, सकाळी तीच मैत्रीण चहा घेऊन आली. यातलं काही मला कधी विचारता आलं असतं?

डबा परत आलाय, एका कडेला पोचा पडून. शंकरपाळ्या वाटाड्याकाकांच्या नातवानं फस्त केल्या म्हणे.