थिऑलॉजी शिकायची, पण कशासाठी?

आजचे वचन: प्रेषितांची कृत्ये 18:24-28
(आधी ही पाच वचने शांतपणे वाचून घ्या, मग पुढे या.)



प्रत्येक मंडळीच्या तरुण संघात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच: "नोकरी सोडून थिऑलॉजी करू का?" एक पदवी झालेली असते, पगार सुरू असतो, घराचा हप्ताही सुरू असतो आणि मनात मात्र पवित्र शास्त्र मुळापासून शिकायची ओढ असते. आईबाबा म्हणतात, आधी नीट सेटल हो. मंडळीतलं कुणीतरी म्हणतं, पवित्र आत्मा शिकवतो ना, मग डिग्री कशाला? ऐकणारा बिचारा मध्येच अडकतो.

आज आपण अपुल्लोसकडे बघू.

अपुल्लोसजवळ काय होतं?

तो आलेक्सांद्रियाचा. हे शहर त्या काळी ग्रंथालयासाठी आणि विद्वानांसाठी ओळखलं जायचं, आणि तिथे यहूद्यांची मोठी वस्ती होती. लूक सांगतो की हा माणूस विद्वान होता, शास्त्रात पारंगत होता आणि आत्म्यात आवेशी होता. येशूविषयी जे शिकवायचा ते अचूक शिकवायचा. तरीही त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा माहीत होता. म्हणजे त्याचं शिकवणं चुकीचं नव्हतं, अपुरं होतं.

इथे मूळ ग्रीकमधला एक बारकावा बघा. 25व्या वचनात तो 'अक्रिबोस' शिकवत होता, म्हणजे अचूक. 26व्या वचनात त्याला मार्ग 'अक्रिबेस्तेरॉन' समजावून सांगितला, म्हणजे अधिक अचूक. शब्द एकच, फक्त एक पायरी वरचा. आधीचं पुसून टाकायला कुणी सांगितलं नाही.

थिऑलॉजीच्या अभ्यासाने विश्वास जातो, अशी भीती अनेकांना वाटते. प्रश्न पडतात हे खरं आहे, आणि काही प्रश्न झोप उडवतात. पण संडे स्कूलमध्ये ऐकलेला येशू त्यामुळे खोटा ठरत नाही. त्याची गोष्ट कुणी लिहिली, कुणासाठी लिहिली, मंडळीने ती शतकानुशतके कशी समजून घेतली, हे कळू लागतं.

शिकवणारे कोण होते?

प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला. हे जोडपं तंबू बनवणारं. क्लौद्याच्या हुकुमामुळे त्यांना रोम सोडावं लागलं होतं, आणि करिंथमध्ये पौल त्यांच्याच घरी राहून तोच धंदा करत होता. अपुल्लोसला त्यांनी सभास्थानात सगळ्यांसमोर अडवलं नाही. आपल्याजवळ घेतलं आणि समजावून सांगितलं. आपल्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर ग्रुपवर चूक न दाखवता शेजारी बसून रिव्ह्यू केला!

"आत्मा शिकवतो" हे शंभर टक्के खरं आहे. पण अपुल्लोसला आत्म्याने शिकवलं ते या दोघांच्या तोंडून. आणि आलेक्सांद्रियाच्या विद्वानाने तंबू शिवणाऱ्यांकडून शिकून घेतलं. मला वाटतं, सेमिनरीच्या प्रवेशासाठी खरी पात्रता हीच आहे.

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. रमाबाईंना कलकत्त्याच्या विद्वानांनी 1878 मध्ये 'पंडिता' म्हणून गौरवलं होतं. संस्कृतवर त्यांचं प्रभुत्व होतं. तरीही त्या पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा व्याप सांभाळत त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. 1922 मध्ये देवाघरी जाईपर्यंत त्या या कामात होत्या. का? साध्या, कमी शिकलेल्या बायकांनाही देवाचा शब्द वाचून समजावा म्हणून.

थोडं व्यवहाराचं

आपल्याकडे सेरामपूरची परंपरा मोठी आहे. कॉलेज 1818 मध्ये सुरू झालं आणि 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. त्यांची बी.डी. नावाने 'बॅचलर' असली तरी बरेच जण आधीची एक पदवी घेऊन ती करायला येतात. काही सेमिनरींमध्ये एम.डिव्ह. असते. तीन-चार वर्षे जातात, हे धरून चाला. जुना आणि नवा करार, बायबलच्या मूळ भाषा, मंडळीचा इतिहास, सिद्धांत, इतर धर्म, समुपदेशन, शिवाय मंडळीत प्रत्यक्ष काम. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र आहे. नोकरी सोडणं शक्य नसेल तर सेरामपूरचे बाहेरून करायचे ख्रिस्ती अभ्यासाचे कोर्सही आहेत. म्हणजे "सगळं सोड नाहीतर विसरून जा" असे दोनच रस्ते नाहीत.

27वं वचन विसरू नका

अपुल्लोस पुढे अखयात गेला, आणि कृपेने विश्वास ठेवलेल्यांना त्याची फार मदत झाली. त्याच्या शिक्षणाचं फळ लूक असं मोजतो. आणखी एक गोष्ट: तो स्वतःहून निघाला, पण बंधूंनी उत्तेजन दिलं आणि पत्र लिहून दिलं. पाचारण त्याच्या एकट्याच्या मनात राहिलं नाही, मंडळीनेही ते ओळखलं.

म्हणून फॉर्म भरण्याआधी स्वतःला विचारा:

1. मी शिकायला जातोय, की कंटाळवाण्या नोकरीतून सुटायला?
2. आत्ता माझ्या मंडळीत मी कुणाला शिकवतोय, कुणाची सेवा करतोय?
3. माझे पाळक आणि मला जवळून ओळखणारे दोन विश्वासू लोक काय म्हणतात?
4. माझ्याहून कमी शिकलेल्या कुणाकडून मी शेवटचं कधी शिकलो?

चौथ्या प्रश्नाला आज वेळ द्या. सेमिनरीत जा किंवा जाऊ नका, तो प्रश्न सगळ्यांसाठी आहे.

प्रार्थना

प्रभू येशू, तुझा शब्द अधिक नीट समजावा अशी भूक आम्हाला दे. जे शिकायला निघाले आहेत त्यांच्या फीची, घरच्यांची आणि विश्वासाची काळजी घे. जे नोकरीत राहूनच शिकणार आहेत त्यांना वेळ आणि चिकाटी दे. आम्हाला प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला भेटू दे, आणि कुणासाठी तरी आम्हालाही तसं होऊ दे. आमेन.